परत न गेलेला रुमाल

मोताळ्याच्या आमच्या प्रार्थनाघरात आता चकचकीत फरशी आहे, पंखे आहेत आणि मेजावर लाल मखमल आहे. मखमलीला सोनेरी झालर. चुलतभावाच्या तान्ह्या नातवाला देवाला अर्पण करण्याचा विधी होता, त्या समर्पणासाठी मी अकोल्याहून गेले होते आणि सवयीप्रमाणे लवकर पोहोचले होते. उपासनेला वेळ होता. वाजवणारी पोरं तारा जोडत होती, माइकमध्ये फुंकर मारून बघत होती. त्यातल्या एकाने कीबोर्डवरचं कापड ओढून काढलं आणि घडी न घालता खुर्चीवर टाकलं.

जाड, पिवळट पांढरं कापड. चौकोनाला चौकोन जोडत नेलेलं. कुठे मशीनची शिलाई, कुठे हाताची, कुठे काळा धागा, कुठे निळा.

"हे याच्यावर काऊन टाकता रे?" मी विचारलं. मोताळ्यात पाय ठेवला की माझी भाषा आपोआप बदलते.

"धूळ बसते ना, आत्या. लय मजबूत हाय हे. जुनं हाय कायतरी."

जुनं होतंच. मी लहान होते तेव्हा ते मेजावर असायचं आणि प्रभुभोजनाची भाकर त्याच्यावर ठेवली जायची. त्यातला एकेक चौकोन म्हणजे एकेक बरं झालेलं माणूस. मी ते उचलून मांडीवर घेतलं. तेलाचा जुना वास गेला होता. आमच्या घरचा चौकोन त्यात नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी बोटं शिलाईवरून फिरत राहिली.

आमच्या मंडळीत, म्हणजे या प्रार्थनाघराच्या लोकांत, तेव्हा एक रीत होती. पुढे मी बऱ्याच मंडळ्यांमध्ये बसले, पण ती रीत कुठे दिसली नाही. कोणी इतकं आजारी पडलं, की प्रार्थनेला येऊ शकत नाही, तर त्या माणसासाठी मांजरपाटाचा एक रुमाल काढायचा. रविवारी उपासना संपली की तो मेजावर पसरायचा. आधी बाया, मग पुरुष, असं एकेकाने पुढे जायचं, त्याच्यावर तळहात टेकवायचा, आजाऱ्याचं नाव घ्यायचं आणि मागे फिरायचं. तान्ह्या लेकरांच्या मुठी उघडून त्यांचेही पंजे टेकवत. शेवटी पास्टर बोटाला तेल लावून मधोमध टेकवायचे आणि घडी घालायचे. मग तो रुमाल आजाऱ्याच्या घरी जायचा आणि त्याच्या उशाखाली राहायचा.

माणूस बरा झाला की त्याने तो स्वतःच्या हाताने परत आणायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षी असत. त्या दिवशी उभं राहून साक्ष द्यायची आणि रुमाल मेजावर ठेवायचा. मंडळीतल्या बाया तो मोठ्या कापडाला जोडत. माणूस गेला, तर रुमाल त्याच्यासोबत शवपेटीत जायचा. दोनच वाटा होत्या. तिसरीचा विचार कोणी केला नव्हता, आणि आमच्या घराला नेमकी तिसरीच लागली.

रुमालाचं सगळं काम माझ्या बाबांकडे होतं. ते जिनिंगमध्ये कामाला होते. हंगामात त्यांच्या भुवयांवर कापूस असायचा आणि सदऱ्याला सरकीचा वास. बाजाराच्या दिवशी ते मांजरपाट आणत. कात्री लावत नसत. कडेला दाताने चीर पाडायची आणि दोन्ही हातांनी सरळ फाडत न्यायचं. तो चर्र आवाज आला की शेजारची बौद्धवाड्यातली बाई भिंतीपलीकडून विचारायची, "कोन पडलं हो आता बिमार?"

नव्या मांजरपाटाला खळीचा वास असतो, थोडा पेजेसारखा. तेलाला वेगळा. पवित्र शास्त्रात जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेल सांगितलंय म्हणून आमचे पास्टर ते मेडिकलच्या दुकानातून आणत. डब्यावर मालिश करून घेणाऱ्या गुटगुटीत बाळाचं चित्र असायचं. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की ते बाळ म्हणजे गाईच्या गोठ्यातलं बाळ. कोणी माझा समज दूर केला नाही, कारण मी कोणाला विचारलंच नाही.

दुपारी जेवण झालं की बाबा रुमाल घेऊन निघायचे. सायकलच्या कॅरिअरवर तो कधी ठेवला नाही, सदऱ्याच्या आत छातीशी धरायचा. पुढच्या दांडीवर मी. आणि एक नियम होता: रुमाल छातीशी असेपर्यंत बोलायचं नाही. आता, माझे बाबा म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या बैलालाही दोन शब्द बोलणारा माणूस. त्यांना हा नियम किती जड जात असेल ते त्यांच्या मानेवरून कळायचं. वाटेत कोणी हाक मारली की मान डोलवायची, हात करायचा, पुन्हा मान डोलवायची. वावरातली माणसं एकमेकांना सांगत, "आज भाऊ मुके हाय. रुमाल चालला वाटते."

रोहिणखेडचा रस्ता मला जास्त आठवतो. आमच्या मंडळीची दोन-तीन घरं तिकडे होती. कपाशी फुटलेली असायची, नाहीतर सोयाबीन काढून रान मोकळं झालेलं असायचं. गावात शिरताना जुनी मशीद लागते. तिच्या अलीकडे सायकलचं दुकान होतं, रशीदचाचांचं. जाताना ते फक्त पंपाकडे बोट दाखवायचे, हवा भरायची का म्हणून. येताना मात्र चहा ठरलेला.

"दे दिया?" ते विचारायचे.

"दिला," बाबा म्हणायचे आणि मग सगळ्या दुपारचं साठलेलं बोलणं एकदम सुरू व्हायचं. अंधार पडायच्या आत घरी पोहोचायचं आहे याची आठवण मला द्यावी लागायची.

रुमालाचे नियम बाबांना तोंडपाठ होते आणि त्यात ते कोणाचं ऐकत नसत. घरोघरी ते तेच सांगायचे. उशाखाली ठेवा. दुसऱ्याच्या उशाखाली देऊ नका. ज्याच्याकडे रुमाल आहे त्याने दुसऱ्याच्या रुमालावर हात ठेवायचा नाही, आधी आपला परत करायचा. आणि धुवायचा नाही. मंडळीचे हात लागलेत त्याला. हे शेवटचं सांगताना ते बायांकडे पाहायचे, कारण पुरुष कधी काही धुतील ही भीती त्यांना नव्हती.

मग बाबांनाच लकवा मारला. जिनिंगमध्ये गाठोड्यांवर बसून डबा खात होते, हातातली भाकर खाली पडली आणि ती उचलायला हात गेलाच नाही. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धी जीभ. बुलढाण्याला दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणलं. मी तेव्हा नववीत होते. खाटेवर पडलेले बाबा तोंड उघडत नव्हते, आणि भेटायला आलेलं गावातलं एक म्हातारं माणूस सवयीने म्हणून गेलं, "रुमाल घेऊन निघाले काय भाऊ?" नंतर त्याला फार वाईट वाटलं. बाबा मात्र डाव्या बाजूने हसले होते.

रविवारी त्यांच्यासाठी रुमाल निघाला. तो फाडायची वेळ आली तेव्हा मंडळीत कात्री शोधावी लागली. मीही हात ठेवला. बाबांचं नाव तोपर्यंत मी कधी उच्चारलंच नव्हतं. ते मेजापाशी सगळ्यांदेखत घेताना मला चोरट्यासारखं वाटलं. पास्टर स्वतः रुमाल घेऊन आमच्याकडे चालत आले. पलीकडच्याच गल्लीत यायचं, तरी ते तोंड मिटून आले.

पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच खात्री होती. भाऊंनी आयुष्यभर रुमाल वाहिले, भाऊ बरे नाही होणार तर कोण होणार? बायांनी जोड द्यायला धागाही काढून ठेवला होता.

दुसऱ्या महिन्यात आईने रुमाल धुतला.

बाबांच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ यायची. मान कलंडली की उशी भिजायची, उशीखालचं भिजायचं. उन्हाळा तोंडावर होता. आई मोठी टापटिपीची बाई. तिला तो वास सहन होईना. एका सकाळी तिने उशीचा अभ्रा, चादर, बाबांची बनियन असं सगळं ओढून बादलीत टाकलं आणि त्यात रुमालही गेला. तो तिने पाहून टाकला की न पाहता, हे तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. निळ्या साबणाने खसखसून धुतला आणि तारेवर वाळत घातला.

नेमक्या त्या वेळी रूथबाई आल्या. रूथबाई म्हणजे आमच्या मंडळीचा खांब. उंच, सडपातळ, कपाळाला कायम आठी. मोठ्या कापडातले निम्मे जोड त्यांच्या हातचे. त्यांच्या हातात बाबांसाठी पपई होती. ती त्यांनी तशीच धरून ठेवली.

"हे काय केलं वं तू?" त्या म्हणाल्या.

"लाय सांडून राह्यली होती, बाई. वास मारत होता."

"लाय पुसाले दुसरा कपडा नव्हता तुह्या घरात? सबन मंडळीचे हात होते त्याच्यावर. लेकराबाळाचे हात होते. धुऊन टाकले?"

तारेवर तिचा परकर, माझी शाळेची ओढणी आणि त्यांच्यामध्ये तो रुमाल, पांढराशुभ्र. इतका पांढरा तो नवा असतानाही नव्हता. मधला तेलाचा डागही गेला होता.

त्या रविवारी उपासनेनंतर मंडळी बसली. एरवी छपराच्या गळतीवर किंवा नाताळच्या जेवणावर बसायची, तशीच. प्रश्न असा होता की प्रार्थना धुतली जाते का. कोणी म्हणालं, नवा रुमाल काढा. कोणी म्हणालं, एका माणसाला दोन रुमाल कधी दिले नाहीत. मागच्या चटईवरून एक आजोबा म्हणाले, नुसत्या पाण्याने काही होत नाही, पण साबणाचं सांगता येत नाही. आता लिहिताना मला हसू येतं. तेव्हा तिथे कोणी हसत नव्हतं. मीसुद्धा मनातून साबणाला घाबरले होते.

पास्टरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. ते सावळे, ठेंगणे, जरा चिडके गृहस्थ होते. म्हणाले, "बाप्तिस्मा आपन कशात घेतो? पान्यातच ना? मंग पान्यानं प्रार्थना जाते कशी?"

तोच रुमाल पुन्हा बाबांच्या उशाखाली गेला. पण रूथबाईंची आठी काही गेली नाही, आणि मंडळीच्या डोळ्यांतला सवालही गेला नाही. बाबा बरे होईनात. महिने गेले, कापसाचे हंगाम गेले. साक्षीच्या प्रत्येक रविवारी दुसऱ्या कोणाचा तरी रुमाल परत यायचा, हालेलुया व्हायचा आणि दोन-चार माना हळूच आईकडे वळायच्या. तोंडावर कोणी काही बोललं नाही. न बोलताच आईला सगळं ऐकू येत होतं. तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं, हे त्यातलं वाईट. उपासनेला ती यायची, शेवटच्या चटईवर बसायची, पण नवा रुमाल मेजावर पसरला की आता उठून पुढे जायची नाही. पायाला मुंग्या आल्यात असं दाखवत तळपाय चोळत बसायची.

आणि बाबा तर येतच नव्हते. हे आम्हाला जास्त लागायचं. काठीच्या आधाराने ते आता अंगणापर्यंत चालत, बोलणं बोबडं पण समजण्यासारखं झालं होतं. ऑटोने दोन मिनिटांवर प्रार्थनाघर. पास्टर किती वेळा म्हणाले, खुर्ची दारात ठेवतो, चार जणं उचलून आणतो. बाबांची मान नाही म्हणायची. रुमाल घरात असताना त्यांच्या हिशेबाने त्यांना तिथे तोंड दाखवायचा हक्क नव्हता. बरं होऊन, रुमाल हातात घेऊन चालत जाईन, नाहीतर पेटीतून. नियम त्यांनीच घरोघरी सांगितले होते, आता स्वतःसाठी मोडायचे कसे?

रविवारी वारा आमच्याकडचा असला की गाण्यांचा आवाज घरापर्यंत यायचा. ढोलकी, टाळ, मग बायांचे वर चढलेले आवाज. बाबा खाटेवर उठून बसायचे. स्वच्छ सदरा घातलेला, केस विंचरलेले, वरच्या खिशात तो रुमाल. डाव्या हाताने मांडीवर ताल धरायचे. आशीर्वादाची वेळ झाली की मान खाली घालायचे. आम्ही परत येईपर्यंत तसेच बसलेले असत, आणि विचारायचे ते एकच, "आज कोनासाठी होता?"

आई नाव सांगायची आणि चुलीकडे जायची. या माणसाला त्या चार भिंतींत पुन्हा एकदा बसलेलं पाहावं, एवढंच तेव्हा आमच्या घराचं मागणं उरलं होतं. हातपायाचं मागणं आम्ही न बोलता सोडून दिलं होतं.

वाजवणाऱ्या पोरांचं जोडून झालं होतं. एकाने एक सूर दाबून धरला आणि तो नव्या भिंतींवरून फिरत राहिला. माझ्या मांडीवरचं कापड पाहून पुढच्या रांगेतल्या एका तरुण सुनेने विचारलं, हे काय आहे. मी थोडक्यात सांगितलं. तिला आवडलं. म्हणाली, आता आपला फोनवर ग्रुप आहे ना आत्या, कोणी आजारी पडलं की लगेच सगळ्यांना कळतं, लगेच सगळे हात जोडतात. तिने मला दाखवलंही. जोडलेल्या पिवळ्या हातांच्या लांबच लांब ओळी होत्या. माझं त्यावर काही म्हणणं नाही. मीही अकोल्याहून तसे हात पाठवते.

रूथबाईंच्या पोटात गाठ निघाली ती त्याच काळातल्या एका दिवाळीनंतर. अकोल्याला ऑपरेशन ठरलं. गाठ कसली ते उघडल्यावर कळेल असं डॉक्टर म्हणाले, आणि कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारला नाही तरी सगळ्यांच्या तोंडात होता. इतक्यांचे रुमाल जोडणाऱ्या बाईसाठी रुमाल निघाला. त्या रविवारी मेजासमोरची रांग दारापर्यंत गेली होती. आई तळपाय चोळत बसली होती. सगळे हात ठेवून झाले, पास्टरांनी घडी घातली, आणि तेवढ्यात रूथबाईंची सून उठली.

"मामीनं सांगून पाठवलं," सासूचा निरोप देत ती म्हणाली, "सगळ्यांचे हात झाले पाह्यजे. भाऊचा राह्यला."

पास्टर म्हणाले, भाऊंकडे त्यांचा स्वतःचा रुमाल आहे. दुसऱ्याच्या रुमालावर कसा ठेवतील?

"ते मी बोलली. त्या म्हनल्या, मले माहीत हाय नियम. मी बी तोच सांगत आली. भाऊचा हात पाह्यजे मले." ती थांबली. मग खाली पाहत म्हणाली, "आन् धुवनारीचाबी."

आईचा हात तळपायावर तसाच राहिला. ती लगेच उठली आणि कोणाशी न बोलता घरी गेली. मी तिच्या मागे. घरी येऊन तिने भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

थोड्या वेळाने पास्टर दारात उभे राहिले. छातीशी हात. आई म्हणाली, "या साहेब, बसा." त्यांनी मान डोलवली. "पानी देऊ?" पुन्हा मान. बाबा ते पाहत होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या दारात हेच केलं होतं. पास्टरांनी रुमाल काढला, बाबांच्या खाटेवर पसरला आणि बाजूला झाले.

"कोनासाठी?" बाबांनी विचारलं.

पास्टर बोलू शकत नव्हते, म्हणून मी सांगितलं. रूथबाईंसाठी. त्यांनीच तुमचा हात मागितला.

बाबा बराच वेळ त्या कापडाकडे पाहत राहिले. त्यांचं आणि नियमाचं काय बोलणं चाललं होतं ते त्यांनाच माहीत. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा हात मनगटापाशी धरला, मांडीवरून उचलला आणि रुमालावर नेऊन ठेवला. डावा हात चांगला होता, तो ठेवता आला असता. त्यांनी मेलेला ठेवला. बोटं वळलेली होती, ती डाव्या हाताने एकेक करून सरळ केली, तळवा नीट टेकेपर्यंत. ओठ हलत होते. मला त्यातलं फक्त नाव ऐकू आलं.

मग मान वर करून त्यांनी आईला हाक मारली. "ये."

"माह्ये हात ओले हाय," आई म्हणाली.

"असू दे."

ती आली. पदराला हात पुसायचंही तिला सुचलं नाही. बाबांच्या हाताशेजारी तिने हात टेकवला आणि उचलला तेव्हा मांजरपाटावर पाण्याचा अख्खा पंजा उमटला होता. पास्टरांनी त्याच्यावरच घडी घातली, सदऱ्यात ठेवला आणि मान डोलवून निघून गेले. रस्त्यात त्यांना कोणीतरी हाक मारलेली ऐकू आली. त्यांनी ओ दिली नाही.

गाठ साधी निघाली. रूथबाई ऑपरेशनने बऱ्या झाल्या की रुमालाने, असले वाद मी पुढे अकोल्यात शिकल्यासवरल्या लोकांना घालताना ऐकले आहेत. दोन्ही बाजू जोरात बोलतात. मी त्यात पडत नाही. जे त्या दुपारी आमच्या खाटेवर झालं, त्याचा निकाल दवाखान्यात लागणार नव्हता एवढं मला कळतं.

साक्षीच्या रविवारी सकाळी आमच्या दारात ऑटो थांबला. आत रूथबाई, शालीत गुंडाळलेल्या, निम्म्या झालेल्या. त्यांना उतरायला त्रास होत होता तरी त्या उतरल्या, आमच्या उंबऱ्यात टेकून बसल्या आणि धाप लागली असतानाच म्हणाल्या, "चला भाऊ."

बाबा सदरा घालून, केस विंचरून बसलेलेच होते. त्यांनी खिशावर हात ठेवला. "माह्या बाकी हाय."

"मले माहीत हाय बाकी हाय. माह्या रुमालावर दोन हात या घरचे हाय. मी एकटी नेऊन ठेवू काय तो? माह्यानं होत नाही."

"बरा नाही झालो मी, बाई."

"कोन म्हनते झाले म्हून? दिसते ना मले." मग त्या आईकडे वळल्या. तोंडाने माफी वगैरे मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी आईचा हात धरला आणि उठायला आधार म्हणून वापरला. "चाल वं. पुढं बस माह्याजवळ."

ऑटोत बाबा मध्ये, दोन्हीकडून दोघी, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. कोणी बोललं नाही. बाबांच्या खिशात, छातीशी रुमाल होता म्हणून, की बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून, मला सांगता येणार नाही.

बाबांना आत येताना पाहून गाणं थांबलं. मग पुन्हा कोणीतरी मधूनच धरलं. त्यांना पुरुषांच्या बाजूला खुर्ची दिली. त्यांनी आधी छपराकडे पाहिलं, मग मेजाकडे, मेजावरच्या कापडाकडे, ते किती वाढलंय ते. रूथबाईंनी साक्ष दिली. थोडक्यात दिली, त्यांना उभं राहवत नव्हतं. रुमाल ठेवला. हालेलुया झाला, छप्पर दणाणलं.

पास्टरांनी विचारलं, आणखी कोणाची साक्ष? असं ते नेहमीच विचारत आणि थोडं थांबून पुढे जात.

बाबांनी डावा हात वर केला.

काठी टेकत, खुर्चीला धरत ते उभे राहिले. कोणी मदतीला पुढे झालं नाही, सगळे जागीच थिजले होते. त्यांच्या बोबड्या बोलण्याची मंडळीला सवय नव्हती, म्हणून ते एकेक शब्द सुटा करून बोलले.

"मी बरा नाही झालो," बाबा म्हणाले. "माह्या रुमाल माह्याजवळ हाय. तो मी ठेवनार नाही. खोटी साक्ष होईन." ते थांबले, तोंडाचा कोपरा पुसला. "पन इतके दिवस मी घरी बसून राह्यलो. काऊन बसलो, ते मले आता समजून नाही राह्यलं. आमेन."

आणि ते खाली बसले.

साक्ष झाली की मंडळीने हालेलुया म्हणायचं असतं. पण तो बरं झालेल्यासाठी. न बरं झालेल्याच्या साक्षीला काय म्हणायचं ते कोणालाच माहीत नव्हतं, पास्टरांनाही नाही. पंखे नव्हते तेव्हा. पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. कोणी चटईच्या काड्या मोडत होतं, कोणी नखं पाहत होतं. बाबा मांडीवरचा उजवा हात डाव्या हातात घेऊन बसले होते.

तेव्हा बायांच्या पहिल्या चटईवरून आवाज आला. तो मोठा नव्हता आणि त्यात सूर नव्हता. ताट वाढलंय, या, असं रोज म्हणतात तशा आवाजात आई म्हणाली, "हालेलुया."